पेन्सिलीची नोंद

भाचा आला तो मोबाइल पुढे धरूनच. रविवारची सकाळ, पोहे झालेले, दुसरा चहा अजून गॅसवर. "मामा, तीस फुटी. आत सहा माणसं झोपतात. ओटा आहे, संडास आहे. आणि किंमत ऐकशील तर..." फोटोत पांढरी फायबरची शिडाची होडी लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. डोलकाठी आभाळात, खाली गवत, अंगावर निळी ताडपत्री. मामीनं माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि सदाशिव पेठेतल्या कुणालाही सुचेल तो पहिला प्रश्न विचारला. "लावणार कुठे?"

भाचा हसला. मी हसलो नाही. आमच्या गल्लीत स्कूटर लावायची तर आधी दुसऱ्याची सरकवावी लागते, त्यामुळे जागेचा प्रश्न आमच्या अंगवळणी पडलेला आहे, आणि होडीच्या व्यवहारातला सगळ्यात महागडा प्रश्न नेमका हाच असतो. किंमत एकदाच द्यायची. बोयाला बांधून ठेवायचं भाडं, मे महिना संपता संपता ती पाण्याबाहेर काढणारी क्रेन, पावसाळाभर जमिनीवरची जागा, ऑक्टोबरच्या आधी तळाचे शंख-शिंपले खरवडून नवा रंग, हे दर वर्षी. बरं, हा खर्च फुटांच्या हिशेबानं वाढत नाही, त्याहून जोरात वाढतो. हे मी त्याला सांगितलं. त्यानं मान डोलावली. तीस फूट डोक्यात शिरलेल्या माणसाची मान अशीच डोलते. माझीही पंधरा वर्षांपूर्वी डोलली होती.

आमच्या पेठेचा आणि पाण्याचा संबंध तसा हौदापुरताच. पेशव्यांनी कात्रजहून नळ आणला, हौद बांधले, पेठेनं त्यातलं पाणी भरलं, संपलं. घरातल्या थोरांना मोठं पाणी म्हटलं की एकच तारीख आठवायची, 12 जुलै 1961. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. म्हणून कॉलेजात मी एनसीसीच्या नौदल विभागात नाव घातलं आणि त्याच खडकवासल्याच्या पाण्यात शिडं लावायला जाऊ लागलो, तेव्हा आजीनं तीन दिवस माझ्याशी नीट बोलणं टाकलं होतं. पुढे भाचाही त्याच वाटेनं गेला. तोवर आजी नव्हती, आणि बहिणीनं मला फोन करून दोष दिला.

आम्ही दोघंही शिकलो ते एन्टरप्राइजवर. सव्वातेरा फुटांची, दोन माणसांची, निळ्या शिडांची होडी. रिकामी असली तर चौघं उचलून काठावर ठेवतात. या होडीत वजन म्हणजे आपणच. वारा वाढला की काठावर बसून पाठ पाण्याकडे टाकायची, कमी झाला की आत सरकायचं. चुकलात तर उलटते. मग सेंटरबोर्डवर उभं राहून ती सरळ करायची, बालदीनं पाणी उपसायचं आणि पुन्हा निघायचं. पाणी गोडं, भरती-ओहोटी नाही, काठ दिसतोय. चार हंगाम असं केलं की माणसाला वाटायला लागतं, आपल्याला शीड येतं. येतंही. पण आपल्याला काय येतंय ते आपल्या शरीराला कळलेलं असतं, डोक्याला नव्हे. मोठ्या होडीत पहिला दगा देतं ते हेच शरीर.

माझी गोष्ट सांगतो. आम्ही तिघा मित्रांनी मिळून मुंबईला एक जुनी 24 फुटी घेतली होती. सव्वा टनाच्या पुढची, खाली तोल सांभाळणारी शिशाची कील. दुसऱ्याच रविवारी, मतलई वारा मरून खारा वारा नीट लागल्यावर, दुपारी परत येत होतो. सुकाणू माझ्याकडे. बोयाशी यायची रीत मला पाठ होती: वाऱ्याच्या खालच्या अंगानं यायचं, नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक वाऱ्यात घालायची, शिडं फडफडू लागली की होडी दोन लांब्यांत उभी राहते. खडकवासल्यात राहायची. इथे मी नाळ वाऱ्यात घातली, शिडं फडफडली, आणि होडी चालतच राहिली. पुढे उभ्या असलेल्या मित्रानं आकडीनं बोया पकडला खरा, पण सव्वा टनानं ती आकडी त्याच्या हातातून शांतपणे काढून घेतली. समोर एक मचवा नांगरलेला. तळ्यात केलं असतं तेच मी केलं, पाय बाहेर काढला, मचव्याला टेकवून होडी थोपवायला.

"पाय आत!" मचव्यावरून तांडेल ओरडला. आवाज असा की पाय आत आला. पुढच्या क्षणी जिथे माझी नडगी असती तिथे त्याच्या मचव्याचा टायर आणि आमचं फायबर एकमेकांत दाबलं गेलं. पोळपाटाएवढा भाग चेपला. तांडेल खाली वाकून आधी स्वतःच्या मचव्याची बाजू बघत होता, मग आमची, सगळ्यात शेवटी मला. म्हणाला, "साहेब, थांबायचं कुठं ते आधी ठरवायचं. निघायचं मागनं." पैसे घेतले नाहीत. चहा मात्र आमच्याकडूनच घेतला.

त्या एका वाक्यावर मी पुष्कळ वर्षं काढली आहेत. लहान होडीत चूक झाली की हातपाय ती निस्तरतात. मोठीत हातपाय मध्ये घालायचेच नसतात. शीट म्हणजे शीड नव्हे, शिडाला आवरणारा दोर, हे नवख्याला पहिल्या दिवशी सांगावं लागतं. मोठ्या होडीवर दुसऱ्या दिवशी सांगावं लागतं की तो दोर हातानं धरून राहता येत नाही. तो विंचवर घ्यायचा, गुंडाळताना अंगठा बाहेर ठेवायचा आणि सोडताना एकेक फेरा उलगडायचा. शीड आखडायचं ते वारा वाढल्यावर नव्हे, वाढेल की काय असं मनात येताच. मनात आलं ना, मग उशीर झालेलाच असतो. नांगर टाकायचा तर खोलीच्या किमान पाचपट साखळदोर सोडायचा, आणि ती खोली भरतीची धरायची. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत पाणी चार मीटरांहून जास्त चढतं-उतरतं. तळ्यावरच्या माणसाला हा हिशेबच नसतो. जिथे दुपारी ऐटीत नांगर टाकला तिथे संध्याकाळी चिखलावर कलंडून बसलेले पुण्याचे लोक मी पाहिले आहेत. त्यात एकदा मीही होतो.

हे सगळं भाच्याला सांगून झालं. त्याच्यावर फार परिणाम झाला नाही, म्हणून कागद काढला. आमच्याकडे शेवटी कागदच उपयोगी पडतो. लांबी 24 वरून 30, म्हणजे सव्वापट. पण होडी तिन्ही बाजूंनी वाढते. सव्वा गुणिले सव्वा गुणिले सव्वा केलं की वजन जवळजवळ दुप्पट. शिडाचं क्षेत्रफळ दीडपटीहून थोडं जास्त. आता वेग. कीलच्या होडीचा पाणी कापत जायचा जास्तीत जास्त वेग ढोबळमानानं तिच्या पाण्यावरच्या लांबीशी बांधलेला असतो. ती लांबी फुटांत घ्यायची, वर्गमूळ काढायचं, 1.34 नं गुणायचं, उत्तर नॉटमध्ये. चोवीस फुटीची पाण्यावरची लांबी वीस धरली तर सहा नॉट. तीस फुटीची पंचवीस धरली तर सहा पूर्णांक सात दशांश. "म्हणजे दुप्पट वजन, कितीतरी पट खर्च, आणि पदरात पाऊण नॉटसुद्धा नाही," मी पेन खाली ठेवत म्हटलं. एन्टरप्राइज चांगल्या वाऱ्यात पाण्यावरून घसरायला लागली की हे गणित झुगारून त्याहून पुढे जाते, हे मी मुद्दाम सांगितलं नाही. त्याला ते माहीत होतं.

त्यानं मग हुकमी पान काढलं. "अभिलाष टॉमीनं जुनीच होडी घेतली होती."

खरं आहे. 2018 मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत टॉमी गोव्यात नव्यानं बांधलेली 'थुरिया' घेऊन उतरले होते. दक्षिण हिंदी महासागरात वादळात तिची डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली आणि त्यांना तिथून उचलून आणावं लागलं. 2022 मध्ये ते पुन्हा उतरले, ते 36 फुटी जुनी रस्टलर घेऊन, 'बायानत' नाव. 29 एप्रिल 2023 ला, 236 दिवसांनी, दुसरे आले. या शर्यतीचा नियमच असा की होडीचा आराखडा 1988 च्या आधीचा हवा. यावरून जुनी ती चांगली आणि नवी ती वाईट असं कुणी काढू नये, वादळ बांधणीचं वर्ष विचारत नाही. आणि त्याहून जुनं उदाहरण तर मीच त्याला दिलं. माझ्या कॉलेजच्या दिवसांत सैन्याच्या इंजिनियर कोअरची 'तृष्णा' पृथ्वीप्रदक्षिणा करून जानेवारी 1987 मध्ये मुंबईला परतली होती. 37 फुटी, इंग्लंडात घेतलेली, आधी दुसऱ्यांनी वापरलेली. त्या कोअरचं कॉलेज आमच्या दापोडीला, त्यामुळे ती होडी आम्हा पुण्याच्या पोरांना उगाचच घरची वाटायची.

"मग?" भाचा म्हणाला.

मग असं, की अशा होड्या निघण्यापूर्वी उघडून पाहिल्या जातात, आणि नवी असली तर बांधतानाच पाहिली जाते. दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 ला 'म्हादेई' घेऊन एकटे पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि 19 मे 2010 ला परत आले, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या आधीची तयारीची तीन वर्षं कुणी सांगत नाही. त्यातच गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ती 56 फुटी बांधली जात होती आणि दोंदे तिच्या मागे होते. समुद्रात एकट्यानं काही बिघडलं तर कुठला बोल्ट कुठे आहे हे शोधायची वेळ त्यांच्यावर येणार नव्हती. या सगळ्याचा ध्यास घेतलेले व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी राहायचे कुठे, तर फलटणजवळच्या विंचुर्णीला. समुद्रापासून लांब राहणाऱ्यांनी समुद्राचं बोलू नये असं म्हणणाऱ्यांना मी हे नाव सांगतो. पण जुनी होडी घेणाऱ्याला ती तीन वर्षं मिळत नाहीत. होडी बांधताना आपण नव्हतो, दुसरा कुणीतरी होता, आणि मधली वीस-पंचवीस वर्षं तिसरा कुणीतरी होता. आपण विकत घेतो त्या तिसऱ्याच्या सवयी.

आमच्या 24 फुटीत बंकखालच्या एका कप्प्याच्या दाराला, आतल्या बाजूनं, पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. पूर्वी घराघरांत स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर दुधाचा हिशेब असायचा ना, तसं. वर साल, खाली बारीक अक्षरात: तारा पाहिल्या. कीलचे बोल्ट आवळले. सुकाणूची बुश बदलली. तळाचा रंग, दोन हात. अकरा वर्षांच्या नोंदी. आम्ही तिघं ते वाचून हरखलो, असला मालक मिळायला भाग्य लागतं म्हणालो, फोटो काढला. शेवटच्या नोंदीचं साल मात्र कुणी नीट पाहिलं नाही. ती विक्रीच्या चार वर्षं आधीची होती. त्यानंतर माणूस आजारी पडला असेल, कंटाळला असेल, मुलं परदेशी गेली असतील. होडी तीच राहिली, पेन्सिल थांबली. पहिल्याच हंगामात डोलकाठीला तोलून धरणाऱ्या डाव्या तारेचे दोन पदर मुळाशी तुटलेले निघाले. निघाले म्हणजे फडक्यानं तार पुसताना माझ्या तळहातात शिरले. नशीब हातात शिरले. भर वाऱ्यात कळलं असतं तर डोलकाठीच खाली आली असती.

तेव्हापासून जुनी होडी बघायला जाताना माझ्या खिशात तीन वस्तू असतात: छोटा स्क्रू-ड्रायव्हर, विजेरी आणि मामीच्या देव्हाऱ्यातला वातींचा कापूस.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं ती तीस फुटी बघायला गेलो. मालक भला माणूस. म्हणाला, "वापरलीच नाही हो, नुसती उभी होती." मोटारीच्या बाबतीत हे ऐकून आपल्याला बरं वाटतं. होडीच्या बाबतीत ऐकलं की मला घाम फुटतो. चालती होडी रोज आपलं दुखणं सांगते. उभी होडी काही बोलत नाही.

भाचा शिडी चढून थेट आत गेला, झोपायच्या जागा मोजायला. मी खाली राहिलो. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ धरून तळ वाजवत निघालो, माठ घेताना वाजवतो तसा. टणटण, टणटण, आणि मग एके ठिकाणी ठप. पुन्हा वाजवलं, पुन्हा ठप. फायबरचे थर आत सुटलेले असले की असा आवाज येतो. खडूनं गोल केला. असे तीन गोल झाले. कील जिथे तळाला मिळते तिथे केसाएवढी फट, आणि तिच्यातून गंजाचा एक ओघळ, वाळलेला. सुकाणू धरून हलवलं तर ते मनगटासारखं फिरायला हवं, इथे दाढेसारखं हललं. मग वर गेलो. कठड्याचे खांब जिथे डेकला बसवलेले असतात तिथे टाच दाबत फिरलो. चौथ्या खांबाशी डेक किंचित दबला. अशा डेकमध्ये दोन पातळ थरांच्या मध्ये बाल्सा नावाचं हलकं लाकूड असतं. स्क्रूच्या भोकातून पाणी शिरत राहिलं की ते चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं होतं.

भाच्यानं तळफळी उचलली. खाली, होडीच्या पोटात, बोटभर पाणी. "मामा, पाणी!" मी म्हटलं, चव घे. त्यानं माझ्याकडे पाहिलं. बोट बुडवून जिभेला लावलं, थुंकलं, आणि त्याचा चेहरा उजळला. "गोडं आहे! म्हणजे समुद्राचं नाही. तळ गळत नाहीये."

गोडं पाणी ऐकून खूश होणारा हा पहिला नव्हे. होडी दोन पावसाळे जमिनीवर उभी होती, खारं पाणी येणार कुठून? गोडं म्हणजे पाऊस, आणि पाऊस येतो तो डेकमधून, खांबांच्या बुडातून, डोलकाठीच्या भोवतालच्या फटीतून. खारट पाणी निदान चोर कुठून शिरला ते सांगतं. गोडं पाणी वाटेत सगळं लाकूड भिजवत, हळूहळू, कुणालाही न सांगता खाली येतं. आमचा वाडा असाच गेला. माळवदातून पाणी यायचं, आम्ही खाली पातेली ठेवायचो आणि गळती थांबली असं समजायचो. तुळया आतून कुजत होत्या ते पाडताना दिसलं.

शेवटी कापूस. डाव्या तारेवरून खालून वर, हात पुरेल तिथवर, हलकेच फिरवला. काही नाही. उजव्या तारेवर, फिटिंगच्या वर वीतभर, पांढरे तंतू अडकून राहिले. भाच्यानं जवळ जाऊन पाहिलं. डोळ्याला काही दिसत नव्हतं. तंतू मात्र तिथेच, वाऱ्यावर थरथरत. तो बराच वेळ तिथे उभा होता. होडी पाण्यावर न नेता वाचतात कशी, हे त्याला बहुधा त्या दिवशी कळलं असावं. मी विचारलं नाही.

कप्प्यांची दारं आम्ही एकूण एक उघडून पाहिली. पेन्सिल कुठेच नव्हती. इंजिनाच्या खालच्या भागाला मात्र करड्या रंगाचा ताजा हात दिलेला होता, इतका ताजा की वास येत होता. विक्रीच्या आधी होडीच्या पोटात दिलेला नवा रंग दिसला की आपण हात खिशातून बाहेर काढायचा नाही, असं माझं मत आहे, आणि ते कुणी बदलू शकलेलं नाही. तरी तज्ज्ञ सर्व्हेअर लावून बघावं असं मी भाच्याला म्हटलं, कारण माझ्या मताची किंमत एका चहाइतकी आहे. कागद मालकाच्याच नावावर आहेत का, होडी जिथे उभी आहे तिथल्या जागेचं भाडं थकलंय का, हेही विचार म्हटलं. थकलं होतं. चौदा महिन्यांचं.

परतताना घाटात पाऊस लागला. खंडाळ्यापर्यंत तो बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, तू घेतली नसतीस?" मी म्हटलं, तुझ्या वयात घेतली असती, आणि मग पाच वर्षं समुद्रावर कमी आणि तिच्या पोटात जास्त असतो, हातात सँडपेपर घेऊन. काहींना तेही आवडतं. त्याला आवडेल की नाही हे त्याला अजून माहीत नाही, म्हणून एक हंगाम दुसऱ्याच्या मोठ्या होडीवर काढ. मालक सांगेल तो दोर ओढ, शिव्या खा, बोयाला जाताना पुढे आकडी घेऊन उभा राहा. मुंबईत शनिवारी-रविवारी शर्यतीला माणूस कमी पडलेली होडी सापडतेच, फक्त वेळेवर पोचायला हवं. मामीला मात्र घरी आल्यावर त्यानं एवढंच सांगितलं, "लावायला जागा मिळाली नाही." ती म्हणाली, "मी म्हटलंच होतं."

तीस फुटी अजून तिथेच आहे, निळ्या ताडपत्रीखाली. भाचा ऑक्टोबरपासून दर रविवारी पहाटे पहिल्या बसनं मुंबईला जातो, दुसऱ्याच्या 24 फुटीवर शीट ओढायला. हातमोजे माझे नेतो, आणि कापूस मामीला न विचारता.